गॅरेजातल्या डेस्कटॉपवर ट्यूनरस्टुडिओ : स्पीडुइनो, हट्टी पोर्ट, अर्थिंग आणि पहिला स्टार्ट

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. कार्ब्युरेटरवाल्या जिप्सी किंगचं इंजिन (जी१३बीए, १२९८ सीसी, चार सिलिंडर) इंजेक्शनवर नेण्याचं काम चाललं आहे. यांत्रिक भाग जवळपास झालाय. इसीयू (इंधन आणि ठिणगी सांभाळणारा इंजिनाचा संगणक) म्हणून स्पीडुइनो घेतलाय, म्हणजे आर्डुइनो मेगा २५६० वर बसणारा बोर्ड. क्रँक पुलीवर ३६-१ दात्यांचं (३६ पैकी एक दाता गायब) चाक आणि हॉल सेन्सर आहे. इंजेक्टर चार, प्रत्येकी २४० सीसी प्रति मिनिट. इग्निशनला दोन कॉइल, वेस्टेड स्पार्क (एक कॉइल दोन सिलिंडरांना एकाच वेळी ठिणगी देते). गाडी फक्त खासगी जागेतल्या ऑफरोड ट्रॅकवर चालणार आहे.

लॅपटॉप नाही. गॅरेजात एक जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १०, आठ जीबी रॅम. त्यावर ट्यूनरस्टुडिओ (इसीयूचे आकडे बघण्या-बदलण्याचं सॉफ्टवेअर) बसवलं, पण वर सतत 'नॉट कनेक्टेड' दिसतं. विचारायचं आहे ते असं :
१. एवढा संगणक पुरेसा आहे का?
२. सॉफ्टवेअर, फर्मवेअर (इसीयूच्या आतला प्रोग्रॅम), कॅलिब्रेशन हे कोणत्या क्रमाने करायचं?
३. इंजिन चालू करण्याआधी टेबलावर काय काय तपासून घेता येईल?
४. ऑटोट्यून (सॉफ्टवेअरने इंधनाचे आकडे आपोआप सुधारणं) डेस्कटॉपवर जमेल का?

स्पार्कप्लग
पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, भरपूर झाला. ट्यूनरस्टुडिओ जावावर चालतं, त्याला ग्राफिक्स कार्ड वगैरे काही लागत नाही. इसीयूकडून येणारा डेटा म्हणजे सेकंदाला काही किलोबाइट. खरी अडचण प्रोसेसरमध्ये नसते, यूएसबीच्या वायरीत असते.

सर्किटराव
'नॉट कनेक्टेड'ची कारणं याच क्रमाने तपासा.

आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'पोर्ट्स' खाली बघा. मेगाचे दोन प्रकार मिळतात. एकात यूएसबीसाठी अ‍ॅटमेलची १६यू२ चिप असते, स्वस्त बोर्डांत सीएच३४० असते. सीएच३४० असेल तर तिचा ड्रायव्हर लागतो. पिवळं उद्गारचिन्ह दिसलं तर ड्रायव्हर नाही. काहीच दिसलं नाही तर केबल बदला. मोबाइल चार्जिंगच्या कितीतरी केबलींत डेटाच्या तारा नसतातच, बोर्डावरचा दिवा लागतो आणि माणूस फसतो.

पोर्ट दिसतोय पण जोडणी होत नाही, असं असेल तर त्याचा नंबर बघा, समजा कॉम५, आणि ट्यूनरस्टुडिओच्या कम्युनिकेशन सेटिंगमध्ये तोच द्या. बॉड रेट (डेटाचा वेग) १,१५,२००. सीएच३४० मध्ये स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्यामुळे तीच केबल संगणकाच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये घातली की विंडोज नवा कॉम नंबर देतं. एक सॉकेट ठरवा आणि त्यावर खूण करा. तो मदरबोर्डचा, म्हणजे मागच्या बाजूचा असू द्या. कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटची आतली वायर जुनी झाली की हलक्या धक्क्याने जोडणी तुटते.

तिसरं कारण म्हणजे दुसरा कुठला तरी प्रोग्रॅम पोर्ट धरून बसलेला असतो. आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर किंवा फर्मवेअर टाकणारा प्रोग्रॅम मागे उघडा राहिला असेल. पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो.

तेलकट_हात
सर्किटरावांनी पोर्टचं सांगितलं, पण त्याच्या आधीची पायरी राहिली. बोर्डात फर्मवेअर टाकलंय का? कोरा मेगा जोडला तर पोर्ट दिसेल, बॉड बरोबर असेल, तरी पलीकडून उत्तर द्यायला कुणीच नसेल.

क्रम असा ठेवा :
बोर्डाचा बारा व्होल्ट पुरवठा बंद, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सुटे, फक्त यूएसबी जोडलेली. फर्मवेअर चढत असताना आउटपुट पिनांवर आपला ताबा नसतो. त्या वेळी कॉइलला बारा व्होल्ट मिळत असतील तर ती चार्ज होऊन तशीच राहू शकते आणि जळते.
मग स्पीडीलोडर (फर्मवेअर टाकणारा प्रोग्रॅम) उघडा, बोर्ड मेगा निवडा, फर्मवेअरची आवृत्ती निवडा. त्याच आवृत्तीची आयएनआय फाइल आणि बेस ट्यून (सुरुवातीच्या सेटिंगांची फाइल) तिथूनच उतरवून घ्या. नंतर अपलोड.
स्पीडीलोडर बंद करा. ट्यूनरस्टुडिओत फाइल मेनूतून नवा प्रोजेक्ट, तिथे डिटेक्ट दाबा. ओळख पटली नाही तर उतरवलेली आयएनआय हाताने दाखवा. पुढे पोर्ट, बॉड, डॅशबोर्ड, आणि प्रोजेक्ट तयार.
शेवटी बेस ट्यूनची एमएसक्यू फाइल उघडा, इसीयूत पाठवा आणि बर्न करा.

आयएनआय म्हणजे इसीयूच्या मेमरीचा नकाशा. कुठल्या बाइटमध्ये काय आहे ते ट्यूनरस्टुडिओला तीच सांगते. फर्मवेअर एका आवृत्तीचं आणि आयएनआय दुसऱ्या आवृत्तीची असेल तर सिग्नेचर जुळत नसल्याचा इशारा येतो. 'चालू ठेवा' म्हणून तो बाजूला सारू नका. ड्वेलच्या (कॉइल चार्ज करण्याच्या वेळेच्या) जागी भलताच आकडा लिहिला गेला तर कॉइल गेली समजा.

मुंबईकर७८
विंडोजने ड्रायव्हर आपोआप अपडेट केल्यावर काही नकली सीएच३४० चिपा चालेनाशा होतात. पोर्ट दिसतो, उघडत मात्र नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रॉपर्टीजमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करून बघा.
दुसरं, पॉवर सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा आणि संगणक झोपी जाणार नाही असं ठेवा. लॉगिंगच्या मध्येच तो झोपला की सगळं पाणी.

लिनक्सवाली
लिनक्सवर ट्यूनरस्टुडिओ छान चालतं आणि जुन्या डेस्कटॉपला ते हलकं पडतं. जावा मात्र वेगळं बसवावं लागू शकतं. दोन गोष्टी आधीच करून ठेवा. आपला यूजर डायलआउट गटात घाला, नाहीतर पोर्ट उघडायला परवानगी मिळत नाही. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला हवं. दुसरी गोष्ट उबुंटू २२.०४ वाल्यांसाठी : ब्रेल डिस्प्लेसाठीचं बीआरएलटीटीवाय नावाचं पॅकेज सीएच३४० ला आपलंच यंत्र समजून बळकावतं. पोर्ट क्षणभर दिसतो आणि गायब होतो. ब्रेल यंत्र वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका.

१६यू२ वाल्या बोर्डाला मोडेममॅनेजर सुरुवातीचे काही सेकंद छळतो, तोही बंद केलेला बरा.

मुंबईकर७८
ताई, ज्याला आधीच पोर्ट सापडत नाहीये त्याला नवी ऑपरेटिंग सिस्टिम कशाला? विंडोज १० चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला हे खरं, पण गॅरेजातलं यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवलं तर काम अडत नाही.

लिनक्सवाली
इंटरनेटपासून दूर ठेवणार असाल तर विंडोजही चालेल, माझा आग्रह नाही. मग फर्मवेअर, आयएनआय, ड्रायव्हर आणि ट्यूनरस्टुडिओचा इन्स्टॉलर हे सगळं एका पेनड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डरच्या नावात आवृत्ती लिहा. सहा महिन्यांनी डिस्क गेली तर नेमकी तीच जोडी पुन्हा शोधणं कठीण जातं.

आणि यंत्र इंटरनेटला जोडलेलं असेल तर डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हवर आहे का ते बघा. ट्यूनरस्टुडिओ आपले प्रोजेक्ट तिथेच, ट्यूनरस्टुडिओप्रोजेक्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. सिंक चालू असताना फाइल अडकून राहते आणि सेव्ह फसतं. प्रोजेक्ट सरळ डी ड्राइव्हवर हलवा.

बेंचवरचा
आता डेस्कटॉपचा मुख्य धोका, जो लॅपटॉपवाल्यांच्या डोक्यात येत नाही : अर्थिंग.

डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्ये इनपुटला फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेले असतात. सॉकेटला खरं अर्थिंग असेल तर गळती तिकडे निघून जाते. आपल्याकडच्या जुन्या गॅरेजांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. मग कॅबिनेट निम्म्या मेन्स व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो, हाताला फक्त मुंग्या येतात. पण यूएसबीची ग्राउंड तार त्याच कॅबिनेटला जोडलेली असते. प्लग घुसताना डेटाच्या पिना ग्राउंडच्या आधी टेकल्या तर ती गळती थेट मेगाच्या यूएसबी चिपमधून गाडीच्या बॉडीत जाते. चिप मरायला तेवढं पुरतं.

यूएसबी जोडण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. एक-दोन व्होल्ट आले तर ठीक. ऐंशी, शंभर आले तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, ट्यूनिंग नंतर.

अर्थिंग बरोबर असलं तरी यूएसबी आयसोलेटर घ्याच. एडीयूएम३१६० चिपचे छोटे बोर्ड मिळतात. ते बारा मेगाबिटपर्यंतच चालतात, पण मेगाला तेवढंच लागतं. त्यावर वेग निवडायचा जंपर असेल तर तो फुल स्पीडवर ठेवा. बॅटरी चार्जर मेन्सवर आणि संगणकही मेन्सवर असला की ग्राउंडची वाट दोन मार्गांनी बंद होते, स्टार्टर मारला की त्यातून करंट वाहतो आणि जोडणी तुटते. आयसोलेटर ती वाट तोडतो.

तेलकट_हात
बेंचवरचा यांना +१. भर घालतो. इंजिन चालू झालं की जोडणी तुटते, बंद केलं की ठीक, असं होत असेल तर आधी स्पार्क प्लग बघा. रेझिस्टर असलेलेच प्लग हवेत. एनजीकेच्या नंबरात ते 'आर' अक्षराने कळतं : बीपी६ईएस बिनरेझिस्टरचा, बीपीआर६ईएस रेझिस्टरवाला. प्लगच्या वायरीही साध्या तांब्याच्या नकोत, सप्रेशनवाल्या घ्या. यूएसबी केबल कॉइलपासून लांबून न्या. दोन्ही टोकांना फेराइट असलेली केबल घ्या, पाच मीटरच्या वर नाहीच.

सह्याद्री_मेकॅनिक
छोटा यूपीएस लावा. फर्मवेअर चढताना वीज गेली तर बोर्ड कायमचा जात नाही, पुन्हा चढवता येतं. पण ट्यून पाठवताना गेली तर अर्धं नवं अर्धं जुनं असा कारभार होतो. स्क्वेअर वेव्हवाल्या इन्व्हर्टरवर संगणक चालवून कॅलिब्रेशन करू नका, गोंगाट वाढतो.

डोंगरवाट
खूप आभार. पोर्ट मिळाला, फर्मवेअर चढलं, सिग्नेचर जुळली. कॅबिनेट आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात ९२ व्होल्ट एसी येतात. म्हणजे अर्थिंग नाहीच. काम सांगितलं आहे, तोवर यूएसबी गाडीला लावत नाही, बोर्ड टेबलावर ठेवला आहे. आता टेबलावर काय तपासू?

आणखी एक. जोडताना एक खिडकी येते, संगणकावरची ट्यून आणि इसीयूतली ट्यून वेगळी आहे म्हणते. कोणती ठेवायची?

सर्किटराव
त्या खिडकीत घाई करू नका. संगणकावर बदल केलेत आणि ते इसीयूत जायचे आहेत, तर संगणकाची ठेवा. दुसऱ्या यंत्रावरून इसीयूत बदल केलेत, तर इसीयूची. शंका असेल तर आधी फरकाचा अहवाल उघडून नेमके कोणते आकडे वेगळे आहेत ते वाचा. चुकीचं बटण दाबलं गेलं तरी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये रिस्टोअर पॉइंट्स म्हणून तारखेनिशी एमएसक्यू साठवलेल्या असतात, तिथून परत आणता येतं.

'सेव्ह' म्हणजे संगणकाच्या डिस्कवर. 'बर्न' म्हणजे इसीयूच्या कायमच्या मेमरीत. बर्न न करता चावी बंद केली की इसीयू जुन्या आकड्यांवर उठतो, आणि पुढच्या वेळी हीच खिडकी येते.

बेंचवरचा
टेबलावर सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे क्रँक सिग्नलचा सिम्युलेटर. आर्डुइनो नॅनो किंवा उनो घ्या, त्यात आर्डुस्टिम टाका, पॅटर्न ३६-१ निवडा. त्याचा सिग्नल स्पीडुइनोच्या क्रँक इनपुटला आणि ग्राउंड ग्राउंडला. नॅनोचा सिग्नल पाच व्होल्टची चौकोनी लाट असतो, म्हणून बोर्डावरचे जंपर हॉलच्या जागी हवेत. तुमचा सेन्सर हॉलच आहे, त्यामुळे तेच कायम राहतील. हॉलसाठी पुलअपचा जंपरही लावा, कारण बहुतेक हॉल सेन्सर सिग्नल फक्त खाली ओढतात, वर नेत नाहीत.

ट्रिगर सेटिंग : मिसिंग टूथ, प्रायमरी दाते ३६, गायब १, क्रँक स्पीड. 'दाते' मध्ये ३५ लिहायचे नाहीत, चाक पूर्ण असतं तर किती असते तो आकडा द्यायचा.

आरपीएम ८०० पासून ६००० पर्यंत फिरवून बघा. काटा स्थिर हवा. सिंक लॉस काउंटर (दात्यांची मोजदाद किती वेळा चुकली तो आकडा) शून्यावर राहायला हवा. टूथ लॉगरमध्ये (दोन दात्यांमधला वेळ काठीने दाखवणारा आलेख) चौतीस सारख्या काठ्या आणि एक दुप्पट उंच दिसली की सिग्नल वाचणं बरोबर.

त्याच वेळी एलईडी आणि रेझिस्टर लावून इंजेक्टर आणि कॉइलचे आउटपुट बघा. बोर्डाचं इग्निशन आउटपुट फक्त सिग्नल पातळीचं असतं. कॉइलमध्ये इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आत नसेल तर ती थेट जोडायची नाही, बाहेरचा इग्नायटर मॉड्यूल लागेल.

स्पार्कप्लग
डोंगरवाट, इग्निशन आउटपुट 'गोइंग लो' आहे ना बघून घ्या. आत इग्नायटर असलेल्या बहुतेक कॉइलींना तेच लागतं. 'गोइंग हाय' राहिलं तर स्पार्क होऊन गेल्यावरही कॉइल चार्ज होत बसते. दहा-पंधरा सेकंदांत हात लावता येत नाही इतकी तापते.

वाचनमात्र
एक बाळबोध प्रश्न. यातून कंपनीचा मूळ इसीयू रीमॅप करता येतो का? स्विफ्टचा?

तेलकट_हात
नाही. ट्यूनरस्टुडिओ मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो अशा सुट्या, आयएनआय फाइल उपलब्ध असलेल्या इसीयूंशी बोलतं. मेगास्क्वर्ट हा बोलिंग आणि ग्रिपो या दोघांचा २००१ च्या सुमाराचा प्रकल्प, तिथून ही सगळी परंपरा सुरू झाली. कंपनीचा इसीयू वाचण्या-लिहिण्याची साधनं आणि पद्धत पूर्ण वेगळी.

आणि रस्त्यावरच्या गाडीबद्दल : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. धागाकर्त्यांची गाडी खासगी ट्रॅकवर आहे म्हणून इथे हे चाललं आहे. रस्त्यावरची असेल तर आधी आरटीओ, मग पाना.

सह्याद्री_मेकॅनिक
सेन्सरच्या कॅलिब्रेशनबद्दल कुणी बोललं नाही, आणि गाडी चालू न होण्याचं निम्मं कारण तिथेच असतं.

मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) : चावी चालू, इंजिन बंद. आकडा तुमच्या गावच्या हवेच्या दाबाएवढा यायला हवा. मुंबईत १०० ते १०१ किलोपास्कल. पुणे, नाशिकला ९४-९५. महाबळेश्वरला ८६-८७. पुण्यात बसून १०० दिसले म्हणून खूश होऊ नका, कॅलिब्रेशन चुकलंय.

टीपीएस (थ्रॉटल किती उघडली ते सांगणारा सेन्सर) : टूल्समध्ये कॅलिब्रेट टीपीएस. पॅडल सोडून एकदा आणि गाडीत बसून पॅडल पूर्ण दाबून एकदा. बॉनेटमधून हाताने थ्रॉटल फिरवली तर केबलचा ढिलेपणा धरला जात नाही, मग पॅडल पूर्ण दाबूनही ९२-९३ टक्केच दिसतात.

कूलंट आणि हवेचं तापमान : स्पीडुइनोवर बायस रेझिस्टर २४९० ओहम असतो, तो आकडा थर्मिस्टर टेबलात द्या. जीएमचा सेन्सर असेल तर यादीत तयार आहे. त्याचे आकडे ३० अंशाला २२३८ ओहम, ९९ अंशाला १७७ ओहम. सुझुकीचाच सेन्सर ठेवणार असाल तर तीन बिंदू मोजा : बर्फाच्या पाण्यात शून्य, कोमट पाण्यात थर्मामीटर लावून चाळीसच्या आसपास, आणि उकळत्या पाण्यात. पुण्याला पाणी ९८ अंशाला उकळतं, तिथे १०० लिहू नका. टेबल लिहिल्यावर गार इंजिनात कूलंट आणि हवा दोन्हीचे आकडे एकमेकांजवळ यायला हवेत. उणे ४० दिसलं तर वायर तुटलेली आहे. इंजिन गार असून काटा कमाल आकड्याला टेकला तर शॉर्ट.

मेलबर्नकर
रिक्वायर्ड फ्युएलचं (एका चक्रात इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा त्या मूळ आकड्याचं) गणित बघू. १२९८ सीसी, ४ सिलिंडर, २४० सीसी प्रति मिनिट, हवा-पेट्रोल गुणोत्तर १४.७. कॅल्क्युलेटरमध्ये ९ मिलिसेकंदांच्या आसपास येईल. १८ किंवा साडेचार आले तर कुठेतरी चारऐवजी दोन इंजेक्टर किंवा भलतीच क्षमता भरली गेली आहे.

कॅम सेन्सर नाही म्हणजे सीक्वेन्शियल (प्रत्येक इंजेक्टर आपापल्या वेळी) नाही. पेअर्ड ठेवा, एका चक्रात दोन फवारे. ६००० आरपीएमला एक चक्र २० मिलिसेकंदांचं. पूर्ण थ्रॉटलला १२.५ गुणोत्तर धरलं तर ९ चे साडेदहा होतात. डेड टाइम (इंजेक्टर उघडण्यात जाणारा वेळ) प्रत्येक फवाऱ्याला साधारण १ मिलिसेकंद धरला तर दोन फवाऱ्यांचे २. एकूण साडेबारा, म्हणजे ६३ टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचं प्रमाण). ८५ च्या खूप खाली आहे. इंजेक्टर पुरेसे आहेत, पंपाचा दाब मात्र ३ बारला स्थिर हवा.

मुंबईकर७८
१४.७ कशाला? आपल्याकडे पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. त्याचं आदर्श गुणोत्तर साडेतेराच्या आसपास येतं. कॅल्क्युलेटरमध्ये १३.५ टाका.

मेलबर्नकर
टाकलं तरी चालेल, नाही टाकलं तरी चालेल. मात्र अर्धवट टाकू नका. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा) खरं तर लॅम्डा, म्हणजे आदर्शाच्या तुलनेत मिश्रण किती पातळ-जाड ते मोजतो. बहुतेक मीटर तो आकडा १४.७ ने गुणून दाखवतात. म्हणजे ई२० जाळताना मिश्रण अगदी आदर्श असलं तरी मीटर १४.७ च दाखवणार, १३.५ नाही.

गडबड होते ती इथे : कुणीतरी स्टोइक (आदर्श गुणोत्तर) १३.५ करतं, लक्ष्य टेबल १४.७ च्या मापात ठेवतं, आणि 'इनकॉर्पोरेट एएफआर' (लक्ष्य गुणोत्तर इंधनाच्या गणितात धरणं) चालू करतं. मग इसीयूला वाटतं की आपल्याला पातळ मिश्रण हवंय, आणि तो सगळीकडे आठेक टक्के पेट्रोल कमी देतो. स्टोइक, लक्ष्य टेबल आणि वाइडबँडचं कॅलिब्रेशन, तिन्ही एकाच मापात ठेवा. सोपा मार्ग म्हणजे तिन्ही १४.७ च्या मापात. ई२० साठी लागणारं जास्तीचं पेट्रोल व्हीई टेबल (कोणत्या आरपीएम-दाबाला सिलिंडर किती भरतो त्याचे आकडे) स्वतःच उचलेल, आकडे थोडे वर येतील इतकंच.

मुंबईकर७८
पटलं. मग लॅम्डामध्येच डॅशबोर्ड ठेवावा, १.०० म्हणजे आदर्श. इंधन बदललं तरी अर्थ बदलत नाही.

मेलबर्नकर
अगदी.

लिनक्सवाली
धाग्याचं नाव बदलून 'एक जिप्सी, बारा इंजिनिअर' ठेवायला हवं. :) पण माहिती एकाच जागी जमली, हे फार छान झालं.

डोंगरवाट
:) चालेल ताई.
अर्थिंग झालं, आता ०.४ व्होल्ट एसी. आयसोलेटर लावला. सिम्युलेटरवर ६००० पर्यंत सिंक लॉस शून्य. पुण्यात मॅप ९५ दाखवतो. आता ट्रिगर अँगल काय देऊ? चाक बसवताना गायब दाता कुठे आला ते मोजलेलं नाही.

बेंचवरचा
पहिलं सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणा. पुलीच्या खुणेवर भरवसा ठेवण्याआधी प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉपने टीडीसी पक्की करा, जुन्या पुलीची रबरी रिंग सरकलेली असते. आता सेन्सर कोणत्या दात्यासमोर आहे ते मोजा. गायब जागेनंतर सेन्सरसमोरून जाणारा पहिला दाता म्हणजे दाता क्रमांक १. समजा टीडीसीला सेन्सरसमोर दहावा दाता आहे. म्हणजे पहिला दाता नऊ दाते आधी, ९० अंश आधी गेला. ट्रिगर अँगल टीडीसीनंतरच्या अंशांत मोजतात, म्हणून उणे ९०, किंवा २७०. दोन्ही एकच.

हे झाल्यावर टायमिंग लाइटने खात्री करा. फिक्स्ड टायमिंग १० अंश करा, इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, प्लग काढून प्लगची एक टोपी जुन्या प्लगवर लावून तो इंजिनला नीट टेकवा, भोकांपासून लांब, आणि स्टार्टर मारा. लाइटला १६ दिसले तर ट्रिगर अँगल ६ ने कमी करा. ४ दिसले तर ६ ने वाढवा. वेस्टेड स्पार्कमध्ये प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. काही डिजिटल लाइट त्यामुळे दुप्पट आकडा दाखवतात, त्यांना वेगळा मोड असतो. साधा, डायल नसलेला लाइट यात बरा.

इंजिन चालू झाल्यावर ३००० आरपीएमला पुन्हा बघा. फिक्स्ड असूनही खूण सरकत गेली तर ट्रिगर एज उलटी निवडली आहे.

सह्याद्री_मेकॅनिक
प्लग काढून स्टार्टर मारताना जवळपास पेट्रोलची वाफ नको. इंधनाचा पंप फ्यूज काढून बंद ठेवा. अग्निशामक हाताशी हवा.

सर्किटराव
डेस्कटॉप कायम गाडीशेजारी राहणार म्हणून हे वेगळं लिहितो. आर्डुइनो मेगाची सवय अशी की संगणकाने पोर्ट उघडला की तो स्वतःला रीसेट करतो. इंजिन चालू असताना ट्यूनरस्टुडिओ जोडलं तर इंजिन गचका खाऊन बंद पडतं. स्पीडुइनोत रीसेट कंट्रोल नावाची सोय आहे, 'प्रिव्हेंट व्हेन रनिंग' निवडा. बोर्डावर त्यासाठी पिन जोडलेली असावी लागते. ती नसेल तर रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चालतो, पण फर्मवेअर बदलताना तो काढावा लागेल. काहीच केलं नाही तर निदान नियम ठेवा : आधी जोडणी, मग स्टार्टर.

डोंगरवाट
चौथा प्रश्न राहिला, ऑटोट्यूनचा. नोंदणी केलेली, पैशाची आवृत्ती घ्यावी का?

तेलकट_हात
ऑटोट्यून, म्हणजे व्हीई अ‍ॅनालाइझ लाइव्ह, नोंदणीकृत आवृत्तीतच आहे. घ्यायला हरकत नाही, पण डेस्कटॉपवर त्याचा उपयोग मर्यादित. उभ्या गाडीत लोड येत नाही. १६ बाय १६ च्या व्हीई टेबलातले आयडलचे आणि नुसत्या रेसचे, म्हणजे ३० ते ४५ किलोपास्कलच्या ओळींतले थोडे कप्पे तेवढे भेट दिले जातात. वरचा सगळा भाग अंदाजाचाच राहतो. त्या भागात ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटल दिली आणि मिश्रण पातळ निघालं तर पिस्टनवर बेततं.

स्पार्कप्लग
असहमत, थोडासा. आयडल आणि हलक्या लोडचे कप्पे बसले तरी निम्मी डोकेदुखी जाते. गाडी गरम-गार दोन्ही स्थितीत सुरू व्हायला हवी, ते काम उभ्या गाडीतच करायचं असतं. क्रँकिंगचं आणि वॉर्मअपचं टेबल डेस्कटॉपवर निवांत होतं. दिवसातून एकदाच गार स्टार्ट मिळतो, म्हणून संगणक तिथेच उभा असणं हा फायदाच.

तेलकट_हात
ते मान्य. मग विभागणी अशी करा. उभ्या गाडीतलं सगळं डेस्कटॉपवर. ट्रॅकच्या दिवशी कुणाचा तरी जुना लॅपटॉप मागून आणा, त्यावर तोच प्रोजेक्ट कॉपी करा, मोफत आवृत्तीवर नुसतं डेटा लॉग घ्या. वर लोड असलेल्या भागात आधी व्हीई १० टक्के वाढवून जाड मिश्रणावर ठेवा, टायमिंग सावध ठेवा. लॉग घरी आणून डेस्कटॉपच्या मोठ्या पडद्यावर मेगालॉगव्ह्यूअरमध्ये उघडा आणि हाताने दुरुस्त करा. ट्रॅकवर ऑटोट्यून चालवणार असाल तर कूलंट ७० अंशांच्या वर असल्याशिवाय बदल होणार नाही असा फिल्टर ठेवा, आणि एका कप्प्यात किती टक्के बदल करू द्यायचा याला मर्यादा घाला.

वाइडबँडशिवाय मात्र यातलं काहीही सुरू करू नका. जुन्या पद्धतीचा नॅरोबँड सेन्सर आदर्श गुणोत्तराच्या आजूबाजूलाच शहाणा असतो. पूर्ण थ्रॉटलला ११ आहे की १३, हे त्याला सांगता येत नाही.

सह्याद्री_मेकॅनिक
वाइडबँड सायलेन्सरमध्ये बसवताना सेन्सरचं टोक खाली झुकलेलं, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर तिरका. पाणी साचलं की हीटर तडकतो. आणि सेन्सरला पुरवठा नसताना इंजिन चालवू नका, काजळी बसते.

डोंगरवाट
वाइडबँड घेतलेला आहे, अ‍ॅनालॉग आउटपुट ० ते ५ व्होल्ट. पण मीटर १४.२ दाखवतो तेव्हा ट्यूनरस्टुडिओत १४.६ येतं. यादीतून बरोबर मॉडेल निवडलंय.

बेंचवरचा
ग्राउंडचा फरक आहे. वाइडबँडच्या हीटरची ग्राउंड आणि सिग्नलची ग्राउंड एकाच ठिकाणी बॉडीला लावली असेल. हीटर एक-दोन अँपिअर घेतो, त्या वायरीवर काही दशांश व्होल्ट पडतात आणि तेवढा सिग्नल वर सरकतो. सिग्नलची ग्राउंड थेट स्पीडुइनोच्या सेन्सर ग्राउंडला आणा, हीटरची इंजिन ब्लॉकला. तरी फरक राहिला तर मल्टिमीटरने बोर्डाच्या ओटू पिनेवर व्होल्टेज मोजा आणि मीटरच्या माहितीपत्रकातले दोन बिंदू कॅलिब्रेशनमध्ये हाताने भरा.

डोंगरवाट
दोन्ही ग्राउंड एकाच बोल्टला होत्या. वेगळ्या केल्या, आता मीटर १४.२, पडद्यावर १४.२. उद्या सकाळी गार इंजिनावर पहिला स्टार्ट. क्रँकिंगला ड्वेल किती ठेवू?

स्पार्कप्लग
कॉइलच्या माहितीपत्रकातला आकडा आधी. तो नसेल तर चालू इंजिनाला ३ आणि क्रँकिंगला ४ मिलिसेकंदांपासून सुरू करा. पाच मिनिटांनी कॉइलला हात लावून बघा, चटका बसण्याइतकी तापली तर अर्धा मिलिसेकंद कमी करा. लॉग स्टार्टर मारण्याआधी चालू करा. गाडी सुरू झाली नाही तर तोच लॉग आणि एमएसक्यू इथे टाका, बघून सांगतो.